पाण्यानं माहेरी

आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, त्या वर्षी मुलीनं आम्हा दोघांना केरळला पाठवायचं मनावर घेतलं. पनवेलहून रविवारी आली ती मोबाइलमधले फोटोच घेऊन. छपराची मोठी होडी, आत पलंग, पुढे वेताच्या खुर्च्या आणि खुर्च्यांत बसून शहाळं पिणारं एक जोडपं. मी तेव्हा कंपनीतून नुकताच मोकळा झालो होतो. रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत चौतीस वर्षं बॉयलरवर काढली, तीन शिफ्टमध्ये. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं मिळून कुठं गेलो असू, तर लग्नांना, बारशांना आणि बाराव्या-तेराव्यांना. नुसतं हिंडायला म्हणून कधीच नाही. आठवड्याची सुट्टी असली की शेत असायचंच. पावसाळ्यात भात, थंडीत वाल.

बायकोनं फोटो नीट पाहिले. बोट लावून मोठे करून पाहिले. मग मुलीला म्हणाली, "होडी छान हाय. पण पाणी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आमच्या खाडीला काय पाणी नाय?"

मुलगी हसली. मीही हसलो. बायको हसली नाही.

तिचं माहेर पेणच्या खारेपाटात, खाडीच्या काठावर. माझं गाव निडी स्टेशनच्या अलीकडे, डोंगराच्या बाजूला. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली, तरी लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं की मी परमुलखातली बायको केली. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, ओढा आणि कालवा. ते वरून खाली वाहतं आणि निघून जातं. तिच्याकडे पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, आणि माणसं त्याच्या वेळा पाहून कामं करतात. मला पोहता येत नाही. लहानपणी कालव्यात एक चुलतभाऊ वाहून जाता जाता वाचला, तेव्हापासून आमच्या घरात मुलांना पाण्याजवळ जाऊ देत नसत. तो धाक अंगात मुरला तो मुरलाच.

मुलगी परत गेल्यावर भांडी घासता घासता बायको म्हणाली, "मला एकदा पाण्यानं माहेरी जायचंय."

"म्हणजे?"

"नागोठण्याला होडीत बसायचं. आंबा नदीनं खाली धरमतरपर्यंत. तिथून वळून पेणच्या खाडीनं वर आमच्या बंदराला. आमच्या गावच्या कितीतरी लेकी पूर्वी अशाच ये-जा करायच्या. मी मात्र आली एसटीनं आणि जन्मभर गेली पण एसटीनं."

मी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"एक ओहोटी आणि अर्धी भरती."

मला ते काही कळलं नाही, पण मी हो म्हणालो. आता शिफ्ट नव्हती. नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ अजून मासेमारीची एक होडी बाळगून आहे. फायबरची, डिझेलच्या छोट्या इंजिनाची. पोट त्याच्यावर नाही. तो एका पतपेढीत शिपाई आहे. पण सुट्टीच्या दिवशी तो खाडीतच असतो. बायकोनं त्याला फोन लावला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. मी इतकी वर्षं समजत होतो की ती तिथी पाहते ती उपासासाठी.

"दशमीला निघायचं," ती फोनवर म्हणाली. "दाहाची पाऊणपट साडेसात. खाली धरमतरला साडेसातला भरती, म्हणजे नागोठण्याला तास-सव्वा तास उशिरा."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे मला त्या दिवशी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. मी म्हणालो, "एकादशीला शनिवार आहे, त्याला सुट्टी असेल. एकादशीच धर की."

"एकादशीला माहेरी जाऊन मी काय साबुदाणा खाऊ?" ती म्हणाली. भावानं रजा काढली.

माघाचे दिवस होते. शेतात वाल तयार होता. तिनं शेंगांची एक गोणी भरली, घावनं केली, कांद्याची चटणी केली, थर्मासमध्ये चहा भरला. भाऊ आदल्या संध्याकाळच्या भरतीवर होडी घेऊन नागोठण्याला आला आणि ती बांधून रात्री आमच्याकडे झोपला. सकाळी तिघं रिक्षानं नदीवर गेलो. होडी बघून मला धीर आला तो एवढाच, की तिच्यावर बांबू बांधून निळी ताडपत्री घातली होती आणि आत एक गादी पसरली होती.

"भावोजी, गादी तुमच्यासाठी," मेव्हणा म्हणाला. "मुंबईवाले पाव्हणे आले की त्यांना पण हीच देतो."

होडीत पाय टाकताना ती डगमगली आणि मी मटकन खाली बसलो. बायको माझ्या मागून आली. चप्पल हातात, साडी वर खोचलेली. होडी हललीसुद्धा नाही. कुठं पाय ठेवायचा ते तिला पाहावं लागलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

पाणी काठोकाठ भरून उभं होतं. उभं होतं असंच म्हणायला हवं, कारण ते कुठंच जात नव्हतं. मेव्हण्यानं पाण्यावर एक काडी टाकली. काडी जागेवर राहिली. आम्ही तिघं त्या काडीकडे बघत बसलो. चार-पाच मिनिटांनी ती हळूच खालच्या दिशेला सरकली.

"फिरलं," बायको म्हणाली. मेव्हण्यानं दोरी सोडली.

पहिला तासभर मी दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसलो होतो. मग हात दुखायला लागले म्हणून सोडले. इंजिनाचा आवाज हळू होता, कारण खरं काम ओहोटीच करत होती. नागोठण्याची घरं, पूल, हायवेची घरघर मागे पडली. दोन्ही बाजूंना बांध, बांधापलीकडे कापून झालेली भाताची शेतं, मध्येच एखादी वीटभट्टी. नदी इतकी वळणं घेत होती की एकच डोंगर कधी उजवीकडे दिसे, कधी डावीकडे, कधी पाठीमागे. मी आयुष्यभर तो डोंगर एकाच बाजूनं पाहिला होता.

बायको पुढच्या टोकाला बसली होती, पाय बाहेर सोडून. मला वाटलं होतं ती गप्पा मारेल. ती बराच वेळ काठ न्याहाळत राहिली. मग एका जागी बोट दाखवून म्हणाली, "ती बघा उघाडी." बांधाला लाकडी झडप होती. ओहोटीला शेतातलं पाणी ती बाहेर सोडते आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ देत नाही. "ही नीट नसली की अख्खं शेत खारं होतं. आमचे बाबा उघाडी बघायला दिवसातून दोनदा जायचे. आजारी असले तरी."

जसजसं पाणी रुंद होत गेलं तसतशी तिची भाषा बदलत गेली. आमच्या घरी ती आमच्यासारखं बोलते. आली तेव्हा माझ्या आईनं हसून हसून तिला तसं करायला लावलं होतं. भावाशी बोलताना आता 'पाणी'चं 'पानी' झालं, 'कोण'चं 'कोन' झालं आणि बोलण्याचा वेग असा वाढला की मी निम्म्यात सुटलो. दोघं कुणाबद्दल तरी हसत होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काय नाय हो, गावातली गोष्ट हाय." आणि पुन्हा हसायला लागली. मला जरा एकटं वाटलं. मग वाटलं, ही आमच्या घरी पहिली काही वर्षं अशीच बसत असेल.

अकराच्या सुमारास आम्ही घावनं खाल्ली. चहा घेतला. दोन्ही काठांना आता चिपीची आणि तिवराची खारफुटी लागली होती, आणि पाणी उतरल्यामुळे त्यांची मुळं चिखलाबाहेर आली होती. बगळे अगदी जवळ जाईपर्यंत उडत नव्हते. ऊन चढलं, पण वारा गार होता. बायको मागे येऊन ताडपत्रीखाली गादीवर आडवी झाली आणि दोन मिनिटांत झोपली. पहाटे उठून शिफ्टचा डबा करणारी ही बाई. तिला दिवसा झोपलेली मी तापाशिवाय कधी पाहिली नव्हती. तोंड थोडं उघडं, एक हात बाहेर. तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून मी ताडपत्रीची कड जरा खाली ओढली.

आणि मग मी तो शहाणपणा केला.

मेव्हण्याला म्हणालो, "दे जरा माझ्याकडे. बघू जमतं का."

"या की भावोजी." त्यानं सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. "इकडं ढकललंत की होडी तिकडं जाते. बाकी काय नाय." तो पुढे जाऊन आपलं जाळं सोडवत बसला.

मला फार आवडलं. खरंच सांगतो, बॉयलरचे मोठमोठे व्हॉल्व्ह फिरवलेल्या माणसाला एवढा साधा दांडा आणि त्याच्या इशाऱ्यावर हलणारी आख्खी होडी ही गंमत वाटली. एक सरळ पट्टा पार केला. एक वळण पार केलं. पुढे मोठं डावं वळण आलं. गाडी चालवताना माणूस करतो तेच मी केलं. वळण आतल्या बाजूनं कापलं.

खालून घासल्यासारखा आवाज आला, फार मोठा नाही, सुपात तांदूळ घोळवल्यासारखा. होडी थांबली. इंजिन चालू होतं, मागचं पाणी चिखलानं काळं झालं होतं आणि आम्ही जागच्या जागी होतो.

मेव्हणा धावत आला, इंजिन बंद केलं, बांबू खाली टोचला, ढकललं. काही नाही. तो पाण्यात उतरला. गुडघ्याएवढं पाणी आणि खाली पोटरीएवढा चिखल. बायको उठून बसली, इकडं तिकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"आतून घातलीत व्हय?"

"रस्ता जवळचा पडेल म्हणून..."

"पाणी बाहेरच्या बाजूनं खोल असतंय. आत नुसता गाळ."

मला वाटलं आता रागावणार. ती साडी खोचून सरळ खाली उतरली आणि भावाच्या शेजारी होडीला खांदा लावला. मीही उतरायला निघालो तर दोघं एकदम ओरडली, "तुम्ही नको!" त्यांनी चार वेळा जोर केला. तेवढ्यात पाणी आणखी चार बोटं उतरलं होतं. होडी एका अंगाला किंचित कलली.

"ऱ्हाऊ दे," बायको भावाला म्हणाली. "ओहोटी काय थांबनार नाय."

मी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. मेव्हण्यानं हिशेब सांगितला: अडीच-पावणेतीनपर्यंत पाणी उतरणार, मग फिरणार, आणि होडी तरंगायला चार तरी वाजणार. तीन तास. मी पुन्हा पुन्हा माफी मागत होतो. शेवटी तो म्हणाला, "भावोजी, खाडीत अडकला नाय असा मानूस खाडीत गेलाच नाय." लांबवर बांधावर एक खोपटं दिसत होतं. तिथं गोडं पाणी मिळेल म्हणून तो कॅन घेऊन चिखल तुडवत निघून गेला.

आम्ही दोघंच उरलो. अर्ध्या तासात आमच्याभोवती पाणी राहिलंच नाही. मधोमध एक पट्टा वाहत होता, बाकी चकचकीत करडा चिखल, आणि त्याच्यावर सगळीकडे काहीतरी उड्या मारत होतं. काही बोटाएवढे, काही वीतभर, डोळे वर आलेले मासे. चिखलावर पोटानं सरपटत, मध्येच टुणकन उडत.

"निवट्या!" ती म्हणाली. वालाच्या शेंगांची गोणी तिनं गादीवर रिकामी केली, गोणी खांद्यावर टाकली आणि निघाली.

चोपन्न वर्षांची माझी बायको. गुडघे दुखतात म्हणून ती घरी खाली बसून भाजी चिरत नाही. ती त्या चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतत, वाकून, एका बिळात कोपरापर्यंत हात घालत होती. बिळाला दोन तोंडं असतात असं तिनं ओरडून सांगितलं. एकावर पाय दाबायचा, दुसऱ्यात हात घालायचा. पहिल्या दोन वेळा हात रिकामा आला. तिसऱ्या वेळी मुठीत निवटी वळवळत होती. तिनं ती मला लांबूनच उंच धरून दाखवली. तिच्या कपाळावर, गालावर, केसांत चिखल होता.

तासभर ती तेच करत होती. मी होडीच्या कडेवर बसून बघत होतो आणि मला जे आठवत होतं ते आठवायला नको होतं.

लग्नाला सात-आठ महिने झाले असतील. मी पहिली शिफ्ट करून चारला घरी आलो होतो. नागोठण्याच्या बंदरावरून एक माणूस सायकलवर आला. तिच्या गावचा होता, रेतीचा मचवा घेऊन वर आला होता. म्हणाला, हिच्या वडलांची तब्येत बरी नाही, लेकीला बघायचं म्हणतात. आमचा मचवा रिकामा चाललाय, संध्याकाळच्या ओहोटीवर निघणार, या दोघं बसून. ती दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, अंधारात पाण्यातून जायचं नाही. सकाळी पहिल्या एसटीनं जाऊ. तो माणूस गेला. सकाळी आम्ही निघालो, नागोठणं, वडखळ, पेण, मग गावाकडची गाडी, मग बांधावरून चालत. पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिचे वडील पहाटेच गेले होते.

तिनं त्याबद्दल मला एका शब्दानंही कधी विचारलं नाही. मीही बोललो नाही. पहिल्या वर्षी बोलायला भीती वाटली, आणि नंतर इतकी वर्षं गेली की विषय काढणंच विचित्र झालं असतं.

ती परत आली, होडीच्या कडेला टेकून उभी राहिली आणि गोणीचं तोंड बांधायला लागली. दहा-बारा निवट्या असतील. मी म्हणालो, "एक विचारू?"

"विचारा."

"त्या संध्याकाळी त्या मचव्यानं गेलो असतो, तर तुझे बाबा भेटले असते ना?"

कुठली संध्याकाळ, असं तिनं विचारलं नाही. गोणीला गाठ मारली. ती नीट बसली का ते ओढून पाहिलं.

"भेटले असते," ती म्हणाली. "तो मचवा राती दीडला बंदराला लागला होता. मी नंतर इचारलं होतं."

मी म्हणालो, "माझी चूक झाली."

"तुम्हाला पाण्याचं भ्या. ते मला म्हाईत होतं. तुमच्यावर मी रागावली, नाय असं नाय. वरीसभर रागावली." ती हाताचा चिखल होडीच्या कडेला पुसत होती. "पण मग मला वाटलं, मी तुमच्याकडं बघितलंच कशाला? माणूस माझ्या गावचा, मचवा माझ्या गावचा, बाप माझा. लहानपणापासून त्या पाण्यावर मी ऱ्हायलेली. मी सांगायला पायजे होतं की मी चालली, तुम्ही सकाळच्या एसटीनं या. तुम्ही काय मला बांधून ठेवली नव्हती."

"मी नाही म्हणालो होतो."

"तुम्ही म्हणालात. मी ऐकलं." तिनं गोणी होडीत ठेवली. "नवीन लग्न झालेलं. विचारायची सवय लागली होती. मला जास्त राग त्याचा हाय."

मी खाली उतरून तिच्याजवळ जावं असं मला फार वाटलं. पण उतरलो असतो तर रुतलो असतो आणि तिलाच मला बाहेर काढावं लागलं असतं. म्हणून मी कडेवरून वाकून तिच्या केसांतला चिखल बोटांनी काढला. वाळलेला होता, सहज निघत होता. तिनं मान तिरपी करून मला काढू दिला. सगळा निघाला तरी मी काही वेळ हात तिथंच ठेवला.

"भूक लागली," ती म्हणाली. "चटणी ऱ्हायली का?"

चटणी राहिली होती. एक घावन होतं, ते अर्धं अर्धं खाल्लं. तिला मी हात धरून वर घेतलं. म्हणजे हात मी दिला, चढली तीच. मग दोघं गादीवर पडलेल्या शेंगा सोलत बसलो. दाणे एका डब्यात, सालं चिखलात. इतकी शांत दुपार मी पूर्वी कधी घालवली असेन असं वाटत नाही. इंजिन बंद, माणूस नाही, आणि चिखलातून फक्त बारीक बुडबुडे फुटल्याचा आवाज. ती मला वडलांबद्दल सांगत होती. तिच्या वडलांना मी जेमतेम चार वेळा भेटलो होतो. ते गाणं म्हणत वल्हवायचे आणि गाणं चुकलं की वल्हंही चुकायचं. एकदा भर खाडीत ते भांडून होडीतून उतरले होते, काठ जवळ आहे असं समजून. हे सांगताना ती इतकी हसली की शेंगांचा डबा लवंडला.

मेव्हणा पाण्याचा कॅन आणि खोपटातल्या म्हाताऱ्यानं दिलेली दोन शहाळी घेऊन आला. आम्ही ती प्यायलो. मग त्यानं समोर बोट केलं. मधल्या पट्ट्यात पानं, काड्या, फेस, सगळं उलट्या दिशेनं वर निघालं होतं.

पाणी येतं ते कळत नाही. मघाशी कोरडा असलेला एक दगड पाहावा, दोन दाणे सोलावेत, पुन्हा पाहावं तर दगड नाही. साडेचारला होडी सरळ झाली. मग एकदा खालून उचलल्यासारखी वाटली, आणि मेव्हण्यानं बांबूनं नुसतं टेकवलं तशी मोकळी झाली. मी आपण होऊन पुढच्या टोकाला जाऊन बसलो. मेव्हणा दांड्याकडे वळला, तर तिथं बायको आधीच बसली होती.

"जमंल का बाय?" त्यानं विचारलं. "लय वर्सं झाली."

"तू इंजिन बघ," ती म्हणाली.

धरमतरचा पूल आला तेव्हा सूर्य बराच खाली होता. पुलावरून अलिबागच्या गाड्या चालल्या होत्या. त्या पुलावरून मीही कितीदा गेलो असेन, पण कधी खिडकीतून खाली पाहिलं नव्हतं. पुढं एका कारखान्याच्या जेट्टीकडे जाणारी एक प्रचंड बार्ज समोरून आली, लोखंडाची, चाळीएवढी उंच. तिच्या लाटा आमच्याकडे येताना दिसत होत्या. बायकोनं होडीचं तोंड सरळ त्या लाटांकडे फिरवलं. मला वाटलं ही चुकली. "धरून बसा," तिनं मला सांगितलं. होडी वर गेली, खाली आली, वर गेली, खाली आली, आणि झालं. माझ्या शर्टावर थोडं पाणी उडालं, एवढंच.

"आडवी घेतली असती तर?" मी विचारलं.

"तर निवट्या सुटल्या असत्या," ती म्हणाली.

पेणच्या खाडीत वळलो तेव्हा भरती आमच्या पाठीशी होती. ती काठावरची एकेक जागा ओळखत होती, आणि ज्या ओळखता येत नव्हत्या त्या भावाला विचारत होती. मिठागरं कुठं गेली? तो म्हणाला, मोडली, आता तिथं कोळंबीची तळी आहेत. इथं मोठं झाड होतं ना? ते पावसात पडलं. एका ठिकाणी बांध फुटून पाणी आत गेलेलं होतं आणि जिथं तिनं लहानपणी भात लावलं होतं तिथं आता तिवरं उगवली होती. तिनं होडी तिथं थोडी हळू करायला लावली. बघितलं, आणि पुढं काढली.

गावच्या बंदराला लागलो तेव्हा घरांत दिवे लागले होते. बंदर म्हणजे दगडाच्या सात-आठ पायऱ्या. तिची आई ऐंशीच्या पुढची, तिला कमी दिसतं. नातसुनेच्या आधारानं ती पायऱ्यांच्या वर येऊन उभी होती. दुपारपासून तिला चौथ्यांदा आणलं होतं म्हणे.

"कोन? आली का गो?"

"आली."

"कशानं आली?"

"पान्यानं, आये."

म्हातारी म्हणाली, "मंग उशीर का? भरती तर कवाची चालू झालेय."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून सांगून टाक म्हणालो. पण ती म्हणाली, "वाटेत निवट्या पकडीत होती."

निवट्या रात्री मेव्हण्याच्या बायकोनं केल्या, तिखट आणि चिंचेच्या कोळात. वालाचे दाणे घालून भात झाला. निवटीचे काटे बारीक असतात. मी हळूहळू खात होतो आणि म्हातारी चाचपून चाचपून माझ्याआधी संपवून मोकळी झाली. जेवण झाल्यावर सगळ्या बायका आत गेल्या. आतून आमच्या हिचा आवाज सगळ्यांत मोठा येत होता. मी अंगणात मेव्हण्याशेजारी बसलो आणि होडी मीच गाळात घातली हे त्यानं अजून कुणाला सांगितलं नाही, याबद्दल त्याचे आभार मानले. तो म्हणाला, "सांगतो की उद्या. दमानं सांगनार हाय."

सकाळी जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण घडी केलेलं होतं. मेव्हण्याच्या बायकोनं चहा आणून दिला.

"ही कुठं गेली?"

"वन्सं व्हय? छोटी होडी घेऊन गेल्या. उघाडी बघून येते म्हनाल्या."

"एकटी?"

"एकट्याच. कोनाला उठवलं नाय."

मी चहाचा कप घेऊन बांधावर गेलो. खाडीवर धुकं होतं. पाणी वर चढत होतं, सकाळची भरती अजून पुरी झाली नव्हती. बरंच लांब एक होडी दिसत होती आणि तिच्यात उभं राहून वल्हवणारं एक माणूस. एवढ्या लांबून बाई की पुरुष ते कळत नव्हतं. हाक मारली असती तर पाण्यावरून ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही. खाली बसलो आणि चहा प्यायला लागलो.